नमुना कर्नल, नवा कंपायलर आणि चुकीचे गृहीतक: एका बिल्डचा प्रकरण अभ्यास

सोलापुरातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणक शाखेच्या अंतिम वर्षाच्या चार विद्यार्थ्यांनी प्रकल्पासाठी एक छोटा नमुना कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, निवडला होता. तो इंटेलच्या ३२ बिटी प्रोसेसरसाठी लिहिलेला होता. ग्रब या बूटलोडरमधून (संगणक सुरू होताना कर्नल मेमरीत आणणाऱ्या प्रोग्राममधून) मल्टिबूट या ठरलेल्या पद्धतीने सुरू होणे, पडद्यावर अक्षरे उमटवणे, जीडीटी (मेमरीच्या सेगमेंटांचे) व आयडीटी (इंटरप्टांचे) ही प्रोसेसरची कोष्टके भरणे आणि टायमर व कीबोर्ड यांचे इंटरप्ट, म्हणजे प्रोसेसरचे काम मध्येच थांबवणारे संकेत, हाताळणे, एवढाच त्याचा आवाका. फाइलींच्या माथ्यावरील नोंदी २००७ च्या आसपासच्या होत्या आणि तेव्हापासून हा संच एका तुकडीकडून दुसऱ्या तुकडीकडे पेन ड्राइव्हवरून फिरत आला होता. प्रयोगशाळेतील संगणकांवर मात्र उबुंटू २२.०४ ची ६४ बिटी आवृत्ती आणि तिच्यासोबत येणारा जीसीसी ११ हा सी भाषेचा कंपायलर होता. चौघांपैकी एकीचा लॅपटॉप ॲपलच्या एम१ प्रोसेसरचा होता आणि त्यावरील आभासी यंत्रात उबुंटूची एआरएम ६४ आवृत्ती चालत होती. विद्यार्थ्यांना या कर्नलमध्ये शेड्यूलर (कोणते काम प्रोसेसरवर कधी चालेल हे ठरवणारा भाग) लिहायचा होता, पण मेकफाइलीतील सूचनांनुसार बांधणी करणारी ‘मेक’ ही आज्ञा चालवताच पडदा त्रुटींनी भरून गेला आणि शेड्यूलर बाजूलाच राहिला.

मार्गदर्शक या नात्याने हे प्रकरण माझ्यासमोर आले तेव्हा गटाने बरीच डागडुजी आधीच केलेली होती. ती कोणत्या क्रमाने झाली हे येथे सविस्तर नोंदवतो, कारण प्रत्येक दुरुस्ती त्या त्या क्षणी योग्यच वाटण्याजोगी होती.

मूळ मेकफाइलीत कंपायलर म्हणून नुसते ‘जीसीसी’, तयार तुकडे जोडणारा लिंकर म्हणून ‘एलडी’ आणि असेंब्ली भाषेतील फाइलींसाठी असेंबलर म्हणून ‘नॅझम’ असे लिहिलेले होते. नॅझमला ‘ईएलएफ’ हे स्वरूप सांगितले की तो ३२ बिटी ऑब्जेक्ट फाइल (जोडण्याआधीचा यंत्रभाषेतील तुकडा) तयार करतो. ६४ बिटी उबुंटूवरचा जीसीसी मात्र काहीच न सांगितल्यास ६४ बिटी फाइल तयार करतो. या दोन्ही फाइली समोर आल्यावर लिंकरने आय३८६ ची फाइल एक्स८६-६४ च्या आउटपुटशी विसंगत असल्याचे सांगून काम थांबवले. गटाने कंपायलरला ‘एम३२’ आणि लिंकरला ‘ईएलएफ आय३८६’ हे पर्याय दिले. त्यानंतर ‘बिट्स’ फोल्डरातील लिबसी-हेडर-स्टार्ट ही फाइल सापडत नसल्याची तक्रार आली. त्यावरचा सर्वत्र सांगितला जाणारा उपाय म्हणजे ‘जीसीसी-मल्टिलिब’ हे पॅकेज बसवणे, आणि तो त्यांनी केला. या पॅकेजचे उबुंटूच्या एआरएम क्रॉस कंपायलरच्या (एका यंत्रावर बसून दुसऱ्या प्रकारच्या यंत्रासाठी प्रोग्राम बांधणाऱ्या कंपायलरच्या) पॅकेजांशी जमत नाही, एक बसवले की दुसरे निघून जाते. परिणामी त्याच संगणकावर रास्पबेरी पायचा प्रकल्प करणाऱ्या शेजारच्या गटाचा कंपायलर नाहीसा झाला आणि प्रकरणाला अनपेक्षित सामाजिक बाजूही प्राप्त झाली.

पुढची त्रुटी ‘स्टॅक-चेक-फेल-लोकल’ हे फंक्शन सापडत नसल्याची होती. स्टॅकवर, म्हणजे फंक्शनांच्या तात्पुरत्या माहितीच्या मेमरीत, अतिक्रमण झाले की त्याला हाक मारली जाते. एका विद्यार्थ्याने त्या नावाचे रिकामे फंक्शन लिहून टाकले. दरम्यान ऑब्जेक्ट फाइलींत ‘गेट-पीसी-थंक’ अशा नावाचे, कोणीही न लिहिलेले तुकडे दिसू लागले, म्हणून पीआयई (मेमरीत कोठेही ठेवता येईल असा प्रोग्राम बनवण्याची पद्धत) बंद करण्याचा पर्याय जोडला गेला. तो जोडताच कंपायलर ‘लोकल’ नसलेले, साधे ‘स्टॅक-चेक-फेल’ मागू लागला. मग त्या नावाचेही रिकामे फंक्शन आले. अनेक चलांच्या एकाहून अधिक व्याख्या असल्याची तक्रार लिंकरला ‘अनेक व्याख्या चालू दे’ असे सांगून गप्प केली गेली. अखेर कर्नलची फाइल तयार झाली आणि ग्रबने तिच्यात मल्टिबूट हेडरच (कर्नल ओळखण्याची खूण) नसल्याचे सांगितले. हेडर तर असेंब्लीच्या पहिल्याच ओळींत डोळ्यांना दिसत होते.

याच सुमारास एम१ च्या लॅपटॉपवर ही मेकफाइल चालवून पाहण्यात आली. तेथे पहिल्याच ओळीला ‘एम३२ हा पर्याय ओळखीचा नाही’ असे उत्तर आले. हे उत्तर अगदी सरळ आहे, कारण एआरएमसाठी बनलेल्या जीसीसीला इंटेलचे ३२ बिटी रूप माहीतच नसते. माझ्या मते या साऱ्या गोंधळातला हाच सर्वांत उपयुक्त संदेश होता. इतर संगणकांवर प्रोसेसर योगायोगाने त्याच घराण्यातला असल्यामुळे होस्टचाच, म्हणजे जेथे बांधणी चालली आहे त्या संगणकाचाच, कंपायलर आपल्या कामाचा आहे असा भास होत होता. येथे तो भास उरला नाही.

गटातील एकाचा मोठा भाऊ अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात मागांच्या इलेक्ट्रॉनिक नियंत्रकांची देखभाल करतो आणि त्यासाठी एआरएमच्या मायक्रोकंट्रोलरवर रोज प्रोग्राम चढवतो. त्याने मेकफाइल पाहून एवढेच विचारले, “तू कंपाइल करायलास, पण कुणासाठी?” त्याच्या कामात हा प्रश्न टाळताच येत नाही, कारण टेबलावरचा संगणक आणि मागावरचा नियंत्रक यांत काहीच साम्य नसते. कर्नलच्या बाबतीत साम्य दिसते, पण ते प्रोसेसरपुरतेच असते. उबुंटूचा जीसीसी ‘लिनक्सवर, ग्लिबसी या तेथील सी ग्रंथालयाच्या सोबतीने चालणारा प्रोग्राम’ तयार करण्यासाठी बेतलेला आहे. आपला कर्नल ज्या यंत्रावर चालायचा आहे तेथे लिनक्सही नाही आणि ग्लिबसीही नाही. म्हणून इंटेलवर बसून इंटेलसाठी कर्नल बांधणे हेही क्रॉस कंपाइलच होय, आणि आतापर्यंतच्या बहुतेक त्रुटी हे न मानल्यामुळे उद्भवल्या होत्या.

त्या त्रुटी एकेक करून तपासल्या की हे स्पष्ट होते. स्टॅकचे संरक्षण उबुंटूने २००६ पासूनच आपल्या जीसीसीत आपोआप चालू ठेवलेले आहे. ३२ बिटी लिनक्सवर त्याची खूणसंख्या जीएस सेगमेंटमधील २० व्या बाइटपासून वाचली जाते, कारण तेथे चालू थ्रेडची माहिती असते. आपल्या कर्नलमध्ये त्या जागी काय असेल याला कोणताच अर्थ नाही, आणि रिकामे फंक्शन लिहिल्याने ते वाचन थांबतही नाही. पीआयई उबुंटूच्या ६४ बिटी आवृत्तीत २०१६ च्या अखेरीस, १६.१० पासून, आपोआप चालू झाले. मल्टिबूट हेडर हरवण्यामागेही अशीच आपोआप चालू झालेली एक सोय होती. १९.१० पासून उबुंटूचा जीसीसी इंटेलच्या नियंत्रण-प्रवाह संरक्षणासाठी प्रत्येक ऑब्जेक्ट फाइलीत ‘नोट-ग्नू-प्रॉपर्टी’ नावाचा एक लहान भाग घालतो. २००७ च्या लिंकर स्क्रिप्टमध्ये या भागाचा उल्लेख असणे शक्यच नव्हते, त्यामुळे लिंकरने तो स्वतःच्या नियमाने प्रोग्रामच्या मजकुराआधी, म्हणजे सूचना असलेल्या ‘टेक्स्ट’ भागाआधी, नेऊन ठेवला आणि मजकूर फाइलीत पुढे सरकला. मल्टिबूटच्या नियमानुसार हेडर फाइलीच्या पहिल्या ८१९२ बाइटांत आणि चार बाइटांच्या सीमेवर असावे लागते. ‘रीडएल्फ’ने भागांची यादी काढताच मजकूर नेमका त्या मर्यादेपलीकडे सुरू होत असल्याचे दिसले. ‘ग्रब-फाइल’ ही आज्ञा मल्टिबूट हेडर आहे की नाही हे फाइल सुरू न करताच सांगते. ती मेकफाइलीच्या शेवटी जोडली असती तर ग्रबपर्यंत जाण्याचे श्रम वाचले असते, म्हणून पुढे ती तेथे कायमची जोडली.

यातील प्रत्येक गोष्ट एकेका फ्लॅगने, म्हणजे आज्ञेत दिलेल्या पर्यायाने, बंद करता येते आणि अनेक जण तसेच करतात. गटाच्या मेकफाइलीतील फ्लॅगांची ओळ त्याच मार्गाने लांबत गेली होती. माझा या पद्धतीला आक्षेप असा की ती कधी पूर्ण होत नाही. उबुंटूची पुढची आवृत्ती आणखी एखादी सोय चालू करील आणि ओळीत आणखी एक नकार घालावा लागेल. शिवाय एम१ च्या लॅपटॉपवर यातले काहीच चालणार नाही. म्हणून ‘आय६८६-ईएलएफ’ या टार्गेटचा (ज्याच्यासाठी प्रोग्राम बांधायचा त्या यंत्राचा) स्वतंत्र कंपायलर बांधायचे ठरले. या नावात प्रोसेसर आहे, फाइलीचे स्वरूप आहे आणि ऑपरेटिंग सिस्टिम मुद्दाम गाळलेली आहे.

बांधणीसाठी बिनयुटिल्स २.३९ (असेंबलर, लिंकर इत्यादींचा संच) आणि जीसीसी १२.२ या जोडीचा स्रोत घेतला. जीएमपी, एमपीएफआर आणि एमपीसी ही गणिती ग्रंथालये, तसेच बायसन, फ्लेक्स आणि टेक्सइन्फो हे उबुंटूच्या भांडारातून आधी बसवून घेतले. प्रथम बिनयुटिल्स बांधून ‘ऑप्ट’ फोल्डरात बसवले, मग जीसीसी. जीसीसी स्रोताच्या फोल्डरातच न बांधता शेजारी वेगळा फोल्डर करून बांधावा लागतो. त्याला भाषा फक्त सी, आणि ‘हेडरांशिवाय’, असे सांगितले. पूर्ण ‘मेक’ न करता केवळ कंपायलर आणि टार्गेटचे ‘लिबजीसीसी’ हे सहायक ग्रंथालय एवढेच बांधले. येथे एक ठिकाण हमखास अडते. नव्या असेंबलरचा फोल्डर पाथमध्ये (आज्ञा शोधण्याच्या फोल्डरांच्या यादीत) घातलेला नसेल तर जीसीसी स्वतः बांधून होतो, पण लिबजीसीसीच्या टप्प्यावर टार्गेटचा असेंबलर न मिळाल्याने बांधणी थांबते आणि दिसणारा संदेश मूळ कारणाबद्दल फारसे काही सांगत नाही.

दुसरा अडथळा खास इथला म्हणावा लागेल. एप्रिलच्या दुपारी वीज गेली आणि प्रयोगशाळेतील संगणक बांधणीच्या मध्यावर बंद पडला. ‘मेक’ पुन्हा चालवल्यावर जेथे थांबले तेथून पुढे जाते, हे खरे आहे. परंतु वीज जाते त्या क्षणी लिहिल्या जात असलेल्या काही ऑब्जेक्ट फाइली शून्य बाइटांच्या राहतात आणि त्यांची वेळ नवी असल्यामुळे ‘मेक’ त्यांना पूर्ण झालेल्या समजते. पुढे लिंकर फाइलीचे स्वरूप ओळखता येत नसल्याचे सांगतो आणि शोधणारा स्रोतात दोष शोधत बसतो. शून्य आकाराच्या फाइली ‘फाइंड’ने शोधून काढून टाकल्या आणि बांधणी पुढे सरकली. तयार कंपायलर संपूर्ण फोल्डरसह एका संग्रहात बांधून प्रयोगशाळेतील बाकीच्या संगणकांवर जसाच्या तसा उतरवला. सर्वत्र उबुंटूची एकच आवृत्ती असल्यामुळे तो चालला. एम१ वर मात्र त्याच स्रोतापासून तो वेगळा बांधला. मल्टिलिब काढून टाकल्यावर शेजारच्या गटाला त्यांचा एआरएम कंपायलर परत बसवता आला.

मेकफाइलीत कंपायलर आणि लिंकर यांची नावे बदलली, आधीचे सर्व नकारार्थी फ्लॅग पुसले आणि फक्त ‘फ्रीस्टँडिंग’ हा, ऑपरेटिंग सिस्टिमचा आधार नाही असे सांगणारा, फ्लॅग घातला. मूळ मेकफाइलीत तोच नव्हता आणि त्यामुळेच ‘स्टडइंट’ ही ठरावीक आकाराच्या पूर्णांकांची हेडर फाइल मागताच जीसीसी ग्लिबसीच्या फोल्डरात शिरत होता. स्टॅक-चेकची रिकामी फंक्शने काढून टाकली. बिल्ड पुन्हा चालवल्यावर होस्टमुळे आलेल्या सर्व त्रुटी नाहीशा झाल्या. पॉइंटर आणि पूर्णांक यांच्या आकारातील फरकाच्या ज्या इशाऱ्यांकडे पहिल्या दिवशी कोणीच पाहिले नव्हते, तेही उरले नव्हते. संहितेत पत्ते ३२ बिटी पूर्णांकांत ठेवलेले होते आणि ६४ बिटी लिनक्सवर पॉइंटर आठ बाइटांचा होतो, याकडे ते इशारे लक्ष वेधत होते. जे उरले ते आता खरोखर संहितेचे दोष होते, आणि त्यांची संख्या वाचता येण्याजोगी होती.

त्यांपैकी एक त्रुटी तर क्रॉस कंपायलरमुळे नव्यानेच दिसू लागली. संहितेतील एका हेडर फाइलीत ‘यूइंट३२’ हा प्रकार ‘अनसाइन्ड इंट’ म्हणून घोषित केलेला होता आणि दुसरी फाइल तोच प्रकार स्टडइंटमधून घेत होती. उबुंटूवर दोन्ही घोषणा तंतोतंत एकच ठरतात आणि सी११ मध्ये तशी पुनरुक्ती चालते, म्हणून कोणी काही बोलले नव्हते. आय६८६-ईएलएफ या टार्गेटवर मात्र स्टडइंटमधला हा प्रकार ‘अनसाइन्ड लाँग’ असतो. आकार चार बाइटांचाच, पण प्रकार वेगळा, त्यामुळे कंपायलरने विसंगती दाखवली. संहितेतील स्वतःची घोषणा काढून टाकणे हाच येथे योग्य उपाय होता.

सर्वाधिक वेळ ‘अनेक व्याख्या’ या तक्रारीने घेतला, आणि तो घेणे आवश्यकही होते. लिंकर एकच वाक्य सांगत होता, परंतु त्यामागे दोन निरनिराळी कारणे होती. काही हेडर फाइलींत ‘टिक्स’सारखी चले ‘एक्स्टर्न’ न लिहिता घोषित केलेली होती. जुना जीसीसी अशी चले ‘कॉमन’ भागात ठेवी आणि लिंकर ती एकत्र करून टाकी. २०२० मध्ये आलेल्या जीसीसी १० पासून हे आपोआप होणे बंद झाले आणि ती हेडर फाइल घेणाऱ्या प्रत्येक सी फाइलीत एक स्वतंत्र चल तयार होऊ लागले. दुसरीकडे पोर्टवर बाइट पाठवणारी ‘आउटबी’सारखी फंक्शने हेडरमध्ये ‘एक्स्टर्न इनलाइन’ अशी लिहिलेली होती. ग्नू८९ या जुन्या बोलीत त्याचा अर्थ ‘फक्त जागच्या जागी उलगडा, स्वतंत्र प्रत काढू नका’ असा होता. सी९९ मध्ये त्याच शब्दांचा अर्थ नेमका उलट, म्हणजे ‘स्वतंत्र प्रत काढा’, असा झाला आणि २०१५ मधील जीसीसी ५ ने मूळ बोली ग्नू११ केल्यावर तो लागू पडला. पहिल्या कारणासाठी हेडरमध्ये ‘एक्स्टर्न’ आणि एका सी फाइलीत व्याख्या, दुसऱ्यासाठी ‘स्टॅटिक इनलाइन’, असे दोन वेगळे उपाय केले. ‘कॉमन’ पुन्हा चालू करणारा फ्लॅग घालून पहिले कारण झाकता आले असते, पण दुसरे तसेच राहिले असते. लिंकरला अनेक व्याख्या चालवून घ्यायला लावणे तर त्याहून वाईट होते, कारण तो पहिली व्याख्या मुकाट्याने उचलतो आणि बाकीच्या सोडून देतो.

त्यानंतर ‘मेमसेट’ आणि ‘मेमकॉपी’ सापडत नसल्याची तक्रार आली, जरी संहितेत ही नावे कोठेच नव्हती. जीसीसी फ्रीस्टँडिंग असतानाही मेमकॉपी, मेममूव्ह, मेमसेट आणि मेमकंपेअर ही चार फंक्शने उपलब्ध आहेत असे धरून चालतो आणि मोठी संरचना शून्य करताना किंवा नकलताना त्यांना हाक मारतो. ती कर्नलनेच पुरवायची असतात. ती लिहिलेल्या फाइलीपुरता, लूपचे आकृतिबंध ओळखून त्यांचे मेमसेटमध्ये रूपांतर करणारे ऑप्टिमायझेशन बंद केले. जीसीसीच्या काही आवृत्त्यांत मेमसेटच्या आतील लूपच मेमसेटला हाक मारू लागतो आणि फंक्शन स्वतःतच अडकते. टायमरच्या मोजणीत ६४ बिटी संख्येला भागण्यासाठी ‘यूडिव्हडीआय३’ लागत होते, ते लिबजीसीसीत असते. गटाने लिबजीसीसी जोडले होते, पण आज्ञेत ऑब्जेक्ट फाइलींच्या आधी. लिंकर ग्रंथालयातून तोवर मागणी झालेल्या वस्तूच उचलतो, म्हणून ते शेवटी न्यावे लागले. विंडोजवर लिहिलेल्या एका असेंब्ली फाइलीतील नावांना आघाडीची अधोरेखा होती, तीही काढली. मेकफाइलीतील काही टॅब नकलताना मोकळ्या जागा झाले होते, त्यांबद्दल अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

आता फाइल त्रुटीविना तयार झाली, ग्रब-फाइलने ती मान्य केली आणि क्यूईएमयू या आभासी यंत्र चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये कर्नल सुरूही झाला. परंतु पहिल्याच टायमर इंटरप्टनंतर यंत्र पुन्हा पुन्हा रीसेट होत होते. ऑप्टिमायझेशन बंद ठेवल्यास ते घडत नव्हते, आणि ‘मग ऑप्टिमायझेशन बंदच ठेवूया, सर’ असा प्रस्ताव गटातून आला. तो स्वीकारला असता तर मूळ दोष तसाच राहिला असता. इंटरप्टचा असेंब्लीतील भाग सर्व रजिस्टर (प्रोसेसरमधील तात्पुरत्या साठ्याच्या जागा) स्टॅकवर ठेवून सी फंक्शनला हाक मारतो आणि ते फंक्शन ती सर्व रजिस्टर एका संरचनेच्या स्वरूपात, मूल्याने, घेत होते. आय३८६ च्या सिस्टम व्ही करारानुसार (फंक्शनांनी एकमेकांना हाक मारण्याच्या ठरलेल्या नियमांनुसार) स्टॅकवरील अर्ग्युमेंटांची जागा हाक दिलेल्या फंक्शनच्या मालकीची असते आणि कंपायलर ती जागा हवी तशी वापरू शकतो. ऑप्टिमायझेशन चालू असताना जीसीसीने ती खरोखरच वापरली, आणि परत येताना असेंब्लीने उचललेली रजिस्टर बिघडलेली होती. जुन्या जीसीसीवर हे सहसा घडत नसे, म्हणून दोष इतकी वर्षे लपून राहिला. असेंब्लीत ‘पुश ईएसपी’ची एक ओळ घालून फंक्शनला संरचनेचा पत्ता दिला आणि परतताना तो स्टॅकवरून काढून टाकला. रीसेट थांबले.

शेवटची तपासणी दोन यंत्रांवरील निकाल जुळतात का, ही होती. प्रयोगशाळेतील इंटेल संगणक आणि एम१ वरील एआरएम आभासी यंत्र यांवर एकाच स्रोतापासून, एकाच आवृत्तीच्या क्रॉस कंपायलरने आणि डीबगची माहिती न घालता कर्नल बांधला आणि दोन्ही फाइलींचे एसएचए-२५६ (फाइलीतील बाइटांवरून निघणारी ओळखसंख्या) काढले. ते जुळले नाहीत. दोन फाइली बाइटागणिक ताडणाऱ्या ‘सीएमपी’ने पाहता फरक केवळ काही लागोपाठच्या बाइटांत होता. कर्नल सुरू होताना छापल्या जाणाऱ्या ओळीत कंपाइल केल्याची तारीख आणि वेळ कंपायलरकडून भरली जात होती. ती ओळ काढून पुन्हा बांधल्यावर दोन्ही ओळखसंख्या सारख्या आल्या आणि गटाने शेड्यूलरचे काम हाती घेतले.